आठवा दिवस येण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी वसईचा, कॅथलिक. पत्नी अलिबागकडच्या बेने इस्रायल म्हणजे ज्यू कुटुंबातली. लग्न रीतसर परवानगी घेऊन चर्चमध्ये झालं, तिनं धर्म बदललेला नाही. आता तिला सातवा महिना आहे. सासऱ्यांनी सांगून ठेवलंय, मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता झालीच पाहिजे, नाहीतर तो आपला राहणार नाही. माझी आई रोज बायबल वाचते. तिनं गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून दाखवला: सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हांला काही उपयोग नाही. पत्नी म्हणते, तूच ठरव. हॉस्पिटलमध्येच डॉक्टरांकडून स्वच्छतेच्या नावाखाली करून घेतली तर दोन्ही घरं शांत होतील का? ख्रिस्ती माणसानं मुलाची सुंता करणं पाप आहे का?

उत्तर:

तुमच्या पत्रात सासरे आहेत, आई आहे, डॉक्टरही आहेत. पत्नीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय, 'तूच ठरव'. ते संमतीचं वाक्य आहे की दमलेल्या माणसाचं, हे आधी तिच्याजवळ बसून विचारा. कारण या प्रश्नाचा अर्धा भाग तिच्याकडूनच येतो: ज्यू धर्मशास्त्रात मूल आईवरून ज्यू ठरतं.

तिथूनच सुरुवात करू, कारण सासऱ्यांचं म्हणणं आणि तुमच्या आईंचं म्हणणं, दोन्ही अर्धवट बरोबर आहेत.

'सुंता नाही झाली तर तो आपला राहणार नाही' हे त्यांच्याच शास्त्राला धरून नाही. ज्यू आईच्या पोटी आलेला मुलगा जन्मतःच ज्यू असतो, सुंता झालेली असो वा नसो. सुंता त्याला ज्यू बनवत नाही. तो ज्यू आहे म्हणून सुंतेचं कर्तव्य त्याला लागू होतं. याचं मूळ बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे. अब्राहाम ९९ वर्षांचा, इश्माएल १३ वर्षांचा, दोघांची सुंता एकाच दिवशी झाली. इसहाक हा आठव्या दिवशी सुंता झालेला पहिला मुलगा. तिथे सुंतेला कराराची खूण म्हटलंय. हिब्रूत 'ब्रीत' म्हणजे करार आणि 'मिला' म्हणजे सुंता. विधीचं नावच ब्रीत मिला. करार आधी, कापणं नंतर. सुंता जो टाळतो तो आपल्या लोकांतून छेदला जाईल, असं त्याच अध्यायात आहे. सासऱ्यांच्या मनात बहुधा तेच वाक्य आहे. पण परंपरेनं तो दोष सुंता न झालेल्या मुलावर ठेवलेला नाही. मोठा होऊन स्वतःही करून न घेणाऱ्यावर ठेवलाय. तान्ह्या बाळाला कुणी समाजातून काढत नाही.

तरीही सासऱ्यांचा आग्रह समजून घ्या. तो हट्ट नाही. बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज कोकण किनाऱ्यावर गलबत फुटून आले, नवगावजवळ. सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कित्येक पिढ्या ते गावोगाव तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. प्रार्थना विसरल्या, हिब्रू विसरली, मराठी मायबोली झाली. उरलं ते एवढंच: शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम, 'शमा' या प्रार्थनेची एक ओळ आणि आठव्या दिवसाची सुंता. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ १७९६ साली उभं राहिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ही खूण चालत आली होती. ज्या माणसाच्या घरात ग्रंथ नसताना ही गोष्ट टिकली, त्याला 'हल्ली कोण करतं' असं सांगू नका.

आता आईंचं वचन. ते खरं आहे, आणि कडक आहे. पण संत पौल ते कुणाला लिहितोय? गलतियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, बिगरयहूदी, म्हणजे ज्यू नसलेल्या, घरांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना. त्यांना काही जण सांगत होते की ख्रिस्तावर विश्वास पुरेसा नाही, आधी सुंता करा, मगच तारण. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये जेरुसलेमला बैठक बसली ती याच वादावर. इसवी सन ५०च्या आसपासची ही गोष्ट. निर्णय झाला की बिगरयहूद्यांवर हे ओझं टाकायचं नाही. पौल चिडतो तो तारणाची अट म्हणून लादलेल्या सुंतेवर.

आईंना त्याच पुस्तकाचं पुढचं पान उलटायला सांगा: प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, पहिली तीन वचनं. लुस्त्र गावचा तीमथ्य. आई यहूदी, वडील ग्रीक. आणि पौलानं त्याची सुंता करवली. तीत मात्र ग्रीक होता, त्याच्या बाबतीत पौलानं साफ नकार दिला, हे गलतीकरांस पत्राच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. दोन तरुण, दोन निर्णय, माणूस तोच. तुमच्या बाळाची घरची मांडणी तीमथ्यासारखी आहे, तीतासारखी नाही. यावरून 'पौलानं परवानगी दिली' असं मात्र म्हणता येणार नाही. तीमथ्य जाणता होता, आधीच ख्रिस्ती होता, आणि कारणही त्या भागातले यहूदी लोक हे होतं. एवढं नक्की, की आईंनी दाखवलेल्या त्या एका वचनावरून तुमच्या घरचा प्रश्न सुटत नाही.

आणखी एक गैरसमज दोन्ही घरांत असू शकतो: बाहेरची सुंता ज्यूंची, हृदयाची ख्रिस्त्यांची. हृदयाची सुंता करा, हे मोशेच्या तोंडून बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात आलंय आणि यिर्मया संदेष्ट्यानंही ते बजावलंय. पौल रोमकरांस पत्रात तेच उचलतो. फरक असा की ज्यूंसाठी हृदयाच्या सुंतेनं देहाची रद्द झाली नाही. ख्रिस्ती परंपरेत तिची जागा स्नानसंस्कारानं, म्हणजे बाप्तिस्म्यानं, घेतली. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बाप्तिस्म्याला ख्रिस्ताची सुंता म्हटलंय. हे नातं इतकं घट्ट मानलं जाई की तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतला फिदस नावाचा एक बिशप म्हणत होता, बाळाचा बाप्तिस्माही आठव्या दिवसाआधी नको. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांच्यासोबतच्या ६६ बिशपांनी ते मान्य केलं नाही. थांबायची गरज नाही असं ठरवलं.

येशूची स्वतःची सुंता आठव्या दिवशी झाली, नावही तेव्हाच ठेवलं गेलं: लूक, अध्याय २, वचन २१. बोटांवर मोजून बघा, २५ डिसेंबर पहिला दिवस धरून. १ जानेवारी आठवा येतो. म्हणूनच शतकानुशतकं १ जानेवारी हा प्रभूच्या सुंतेचा सण होता. रोमन कॅथलिक दिनदर्शिकेतून ते नाव १९६०मध्ये गेलं आणि १९६९च्या दुरुस्तीनंतर तो दिवस देवमाता मरियेचा झाला. ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये सुंतेचा सण अजून आहे. सासऱ्यांची आठ दिवसांची मोजणी तुमच्या चर्चच्या कॅलेंडरातही बसलेली आहे, हे आईंना दाखवण्यासारखं आहे.

मग पाप आहे का? वैद्यकीय कारणासाठी सुंता झाली तर कॅथलिक माणसाला त्यात धर्माचा प्रश्नच येत नाही. धर्मविधी म्हणून करायला मात्र चर्चनं स्पष्ट मनाई केलेली आहे. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेत १४४२ साली कॉप्टिक चर्चशी ऐक्य करताना निघालेल्या फर्मानात लिहिलंय की ख्रिस्ती लोकांनी बाप्तिस्म्याआधी किंवा नंतर सुंता पाळू नये. इजिप्तचे कॉप्टिक आणि इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही मुलांची सुंता करतात, इथिओपियात तर बहुधा आठव्या दिवशीच, पण तारणासाठी नव्हे, रीत म्हणून.

शिवाय तुमचं स्वतःचं एक वचन आहे. बिगरख्रिस्ती व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करताना कॅथलिक पक्ष कबूल करतो की मुलांचा स्नानसंस्कार व्हावा आणि ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी मी माझ्या हातात असेल ते सगळं करीन. पत्नीला हे कळवलेलं असतं, तिनं मात्र काहीच कबूल केलेलं नसतं. 'हातात असेल ते सगळं' याचा अर्थ बायकोवर जबरदस्ती असा नाही. पण विसरून जा असाही नाही. तुमच्या पत्रात या कबुलीचा उल्लेख नाही. धर्मग्रामाच्या फादरांकडे जाऊन हे दोघांनी मिळून बोला, बाळ यायच्या आधी.

आता खरं विचारायचं ते विचारतो. मुलगी झाली तर?

आपल्याकडे जन्माआधी लिंग कळत नाही, कळूही नये. मुलगी झाली तर सुंतेचा प्रश्न मिटला. पण ज्यू शास्त्राप्रमाणे तीही तितकीच ज्यू, आणि चर्चसमोरची तुमची कबुली तिलाही लागू. शुक्रवारी संध्याकाळी ती दिवे लावणाऱ्या आईशेजारी उभी राहणार की रविवारी तुमच्याबरोबर मिस्साला जाणार? हे उत्तर तुम्हा दोघांना मुलीसाठी देता आलं, तर मुलासाठीही देता येईल. कातडीचा प्रश्न त्या उत्तराच्या मागून येतो, पुढून नाही.

म्हणून हॉस्पिटलमधला मधला मार्ग मला सगळ्यात वाईट वाटतो. तो कुणालाच पुरत नाही. ज्यू शास्त्रात सुंता आठव्या दिवशी किंवा त्यानंतर, दिवसाउजेडी, कर्तव्याच्या हेतूनं आणि मोहेलच्या, म्हणजे सुंता करणाऱ्या ज्यू जाणकाराच्या, हातून झाली तरच ती ब्रीत. डिस्चार्जच्या आधी तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केली तर ती शस्त्रक्रिया. पुढे त्या मुलाला धर्माप्रमाणे राहायचं झालं तर त्याच जागी टोचून रक्ताचा एक थेंब काढण्याचा वेगळा विधी करावा लागतो. सासरे समाधानी होणार नाहीत. आईंना तर ती सुंताच दिसेल. आणि बाळाला भूल, जखम, आठवडाभराची आग, सगळं सोसावं लागेल, ज्यामागे कुणाचाच विश्वास नाही. स्वच्छतेसाठी म्हणाल तर रोजच्या अंघोळीत वरून धुणं पुरतं. तान्ह्या बाळाची कातडी जोरानं मागे ओढायची नसते.

दोन्ही करायचं, आठव्या दिवशी ब्रीत आणि महिन्याभरात स्नानसंस्कार, असं कुणी सुचवेल. त्यात दोन विधी एकमेकांना खोटं पाडतात. ब्रीतमध्ये जमलेले लोक म्हणतात, जसा हा करारात आला तसाच तोरा (मोशेचं धर्मशास्त्र), विवाह आणि सत्कर्मांत येवो. स्नानसंस्कारात तुम्ही त्याला चर्चमध्ये वाढवायचं वचन देता. एकाच तोंडानं दोन्ही म्हणणं जड जाईल. तरी तसं ठरलंच, तर मोहेलपासून लपवू नका. काही जण नकार देतील. तो त्यांचा हक्क आहे.

उरले दोन सरळ रस्ते. मूल ज्यू म्हणून वाढवायचं ठरलं तर ब्रीत पूर्ण करा, अर्धवट नको. ख्रिस्ती म्हणून वाढवायचं ठरलं तर सुंता करू नका, आणि सासऱ्यांना ते तुम्ही स्वतः, समोर बसून सांगा. पत्नीला निरोप्या बनवू नका. 'तुमच्या शास्त्राप्रमाणे तो ज्यू आहेच, आणि मोठा झाल्यावर त्याला करून घ्यावीशी वाटली तर आम्ही आडवे येणार नाही' हे वाक्य खरं आहे आणि त्यांना आधार देणारं आहे. कर्तव्य आठव्या दिवसानंतर संपत नाही. मोठेपणी मात्र ती पूर्ण भुलेतली शस्त्रक्रिया होते, हेही लक्षात असू द्या.

ब्रीतचं ठरलं तर बाकीचं सांगतो, कारण तुमच्यासारख्या घरांत ऐनवेळी गोंधळ उडतो तो इथेच.

दिवस मोजताना जन्माचा दिवस धरायचा, आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो. मंगळवारी दुपारी चारला जन्म, तर ब्रीत पुढच्या मंगळवारी. मंगळवारी रात्री नऊला जन्म, तर बुधवार लागला, म्हणून पुढच्या बुधवारी. सूर्यास्त आणि तारे दिसणं यांच्यामधल्या संधिकाळात जन्म झाला तर हज्जानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारूनच दिवस ठरवा. म्हणून लेबर रूममध्ये मिनिटासकट वेळ लिहून घ्या. आठवा दिवस शनिवारी आला तरी ब्रीत शब्बाथच्याच दिवशी होते. सिझेरियन झालं असेल तर मात्र रविवारवर जाते. पुढे ढकललेली ब्रीतही शब्बाथला होत नाही.

ढकलायची कधी? ज्यू शास्त्र यात डॉक्टरांपेक्षाही सावध आहे. कावीळ असेल तर उतरेपर्यंत थांबतात. ताप किंवा संसर्गासारखा सर्वांगाचा आजार असेल तर बरं झाल्यावर पूर्ण सात दिवस. बाळ दिवस पूर्ण भरण्याआधी झालं किंवा वजन कमी असेल तर बालरोगतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत थांबा. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, ज्याला डॉक्टर हायपोस्पेडियास म्हणतात, तर सुंता अजिबात करायची नाही; पुढच्या दुरुस्तीला तीच कातडी लागते. रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचं इंजेक्शन जन्मल्यावर दिलंय का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा.

आणि पत्नीच्या माहेरी आधीच एक गोष्ट विचारा: तिच्या भावांना, मामांना, मावशीच्या किंवा बहिणीच्या मुलांना दात काढल्यावर किंवा साध्या जखमेत रक्त थांबत नाही असं कधी झालंय का? हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रग्रंथात चार बहिणींची हकीकत आहे. तिघींची मुलं सुंतेनंतर दगावली, चौथी विचारायला आली, आणि धर्मगुरू रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणाले, करू नकोस. रोगाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. कुटुंबात असं काही असेल तर रक्ताची तपासणी होईपर्यंत कुणाचंही ऐकू नका.

विधी स्वतः काही मिनिटांचा. कातडी कापणं ही मिला, खालचा पातळ पापुद्रा मागे सारून टोक पूर्ण उघडं करणं ही पेरिया, आणि जखमेतलं रक्त ओढून घेणं ही मेत्सित्सा. ही शेवटची पायरी काही ठिकाणी तोंडानं करतात; त्यातून बाळांना हर्पिसचा जीवघेणा संसर्ग झालेला आहे. काचेच्या नळीनं किंवा गॉजनं करणार ना, हे मोहेलला आधीच विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा मोहेल बघा. अवजारं निर्जंतुक कशी करतात, जागा बधिर करतात का, हेही विचारायला संकोच नको. मोहेल मोजकेच आहेत, म्हणून मुंबई किंवा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये आठव्या महिन्यातच बोलून ठेवा. जवळपास बालरोगतज्ज्ञ असेल असं घर किंवा सिनेगॉग निवडा.

बाळाला आधी क्षणभर एका रिकाम्या खुर्चीवर ठेवतात. ती एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याची. इस्रायलनं करार सोडला अशी तक्रार त्यानं देवाकडे केली होती, म्हणून प्रत्येक करार पाहायला तो हजर असतो, असं मानतात. मग बाळ मांडीवर घेऊन बसतात ते सांदक, बहुधा आजोबा. मुलाच्या वडिलांनी म्हणायचा एक आशीर्वाद आहे: आमचा पिता अब्राहाम याच्या करारात याला आणण्याची आज्ञा आम्हांला दिली. तुम्ही ज्यू नाही, म्हणून तो तुम्ही म्हणायचा नाही. मोहेल किंवा सांदक म्हणतील. हे ऐनवेळी कळलं तर अपमान वाटतो, म्हणून आधीच सांगतो. हिब्रू नाव 'अमुक बेन तमुक', म्हणजे अमक्याचा मुलगा, असं ठेवतात. तुमच्या बाबतीत 'बेन'नंतर कुणाचं नाव यायचं हेही आधी ठरवून घ्या.

नंतर प्रत्येक लंगोट बदलताना गॉजवर व्हॅसलीन लावून जखमेवर ठेवायचं, कापडाला चिकटू द्यायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर थर येतो. तो पू नव्हे, पुसून काढू नका. आठवडा-दहा दिवसांत बरं होतं. रक्त पाच-दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, बारा तासांत लघवी झाली नाही, किंवा ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप आला, तर मोहेलला नाही, थेट हॉस्पिटलला.

आणि ब्रीत न करायचं ठरलं, किंवा मुलगी झाली, तरी सासऱ्यांना बाळासाठी मलिदा करू द्या. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावानं आभार. त्यात कुणाला काही सोडावं लागत नाही. नारळ खवायला आईंनाही बोलवा.